शमादान उलटं करून पाहा

लंडनच्या एखाद्या लिलावघराचा कॅटलॉग उघडला की चांदीच्या पानांवर शमादानांबद्दल, म्हणजे मेणबत्ती लावायच्या स्टँडबद्दल, साधारण असा मजकूर भेटतो:

"दुसऱ्या जॉर्जच्या काळातील ओतीव चांदीच्या शमादानांची जोडी. जॉन केफ, लंडन, 1752. चौकोनी बैठक, कोपऱ्यांत शिंपले, गाठींचा दांडा, सुटी नॉझल्स. बैठकीवर मानचिन्ह. उंची साडेआठ इंच, वजन 36 औंस."

ही नोंद मी नमुन्यादाखल रचली आहे, खऱ्या लॉटची, म्हणजे लिलावात मांडलेल्या वस्तूची, नाही. पण अशा दोन-चार ओळींत लिलावघर एकही शब्द फुकट घालवत नाही. "ओतीव" हा शब्द गाळला तर किंमत बदलते. "जोडी" ऐवजी "जुळवलेली जोडी" लिहिलं तरी बदलते. आणि वजनाचा आकडा दिलाच नसेल तर ती वेगळीच वस्तू असते.

फोटोत मात्र सगळी शमादानं सारखीच दिसतात. चकचकीत, उभी, दोन-दोनच्या जोडीत. त्यातलं एक चांदीच्या मोडीच्या भावात जातं आणि शेजारचं त्याच्या कितीतरी पट. हा फरक वरून दिसत नाही, बैठकीच्या खालून दिसतो. वस्तू कशी घडवली, तिच्यावरचे शिक्के खरे आहेत का, दोनअडीचशे वर्षांत तिच्यातलं काय काय बदललं, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बुडाशी असतात.

वजनापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे चांदी म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. इथला औंस ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम. 36 औंस म्हणजे साधारण 1,120 ग्रॅम. तोळ्यात सांगायचं तर बरोबर 96 तोळे. हिशोब इतका नेमका येतो, कारण 1833 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने तोळा 180 ग्रेनचा ठरवला, आणि ट्रॉय औंस 480 ग्रेनचा. आपल्या आजीच्या पैंजणांचं वजन आणि लंडनच्या शमादानांचं वजन एकाच मापाच्या घरातलं आहे.

ही चांदी शुद्ध नसते. स्टर्लिंग म्हणजे हजारात 925 भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. तेव्हा 1,120 ग्रॅममध्ये शुद्ध चांदी 1,036 ग्रॅमच्या आसपास. तिला आजच्या भावाने गुणा, मोडीचा भाव मिळाला. कॅटलॉगमधला अंदाज या आकड्याच्या किती पट आहे, हे पाहणं ही कुठलीही नोंद वाचण्याची पहिली पायरी. दीडपट असेल तर लिलावघराला ती वस्तू सामान्य वाटते आहे. पाचपट असेल तर तिच्यात चांदीपलीकडचं काहीतरी आहे, आणि ते काय हे शोधायला पाहिजे.

ओतीव की भरलेलं

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडमध्ये शमादानं बहुतेक पत्र्याची असत. चांदीचा पत्रा ठोकून, वळवून, कडा झाळून जोडायच्या. त्या काळातली फार थोडी उरली आहेत, कारण 1640 च्या दशकातल्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी सैन्याच्या पगारासाठी घरोघरची चांदी वितळवली.

मग 1685 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रॉटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं आणि हजारो ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, कुटुंबं समुद्र ओलांडून इंग्लंडला आली. त्यांच्यात कसबी चांदीकाम करणारे होते. सगळ्यांत गाजलेला पॉल द लामेरी. त्याचे आईवडील ह्युगेनो निर्वासित, जन्म 1688 मध्ये नेदरलंड्समधला, आणि 1713 मध्ये त्याने लंडनला आपला शिक्का नोंदवला. या मंडळींबरोबर जाड, ओतीव काम लंडनमध्ये रुजलं.

ओतीव शमादान कसं होतं? वाळूच्या साच्यात दांड्याचे दोन उभे अर्धे भाग ओततात आणि ते झाळून एक करतात. बैठक वेगळी ओततात, लेथवर फिरवून साफ करतात आणि दांड्याला जोडतात. म्हणून ओतीव शमादानाच्या दांड्यावर समोरासमोर दोन उभे सांधे असतात. पॉलिशखाली ते दिसत नाहीत, पण तोंडाची वाफ सोडली की क्षणभर दोन बारीक रेषा उमटतात. उलटं केलं तर बैठक आतून मोकळी दिसते. जाड चांदी, मधोमध लेथची गोल वळणं, आणि वर पोकळ दांड्याचं तोंड. लपवायला काही जागाच नसते.

दुसरी पद्धत आली शेफील्डमधून. 1760 नंतर तिथे पोलादी साच्यावर वरून जड हातोडा सोडून चांदीचा पातळ पत्रा दाबायला सुरुवात झाली. नक्षी एका दणक्यात उमटायची. असे पातळ तुकडे जोडून शमादान उभं करायचं, पण ते इतकं हलकं व्हायचं की मेणबत्ती लावताच कलंडेल. म्हणून आत राळ किंवा डांबरासारखं काहीतरी भरायचे, मधे लोखंडी सळई घालायचे, आणि बूड बंद करून त्यावर हिरवं कापड चिकटवायचे. आपल्याकडे पोकळ दागिन्यात लाख भरतात ना, तोच प्रकार. आणि लाखेच्या दागिन्याला सोनार जसं वजन धरत नाही, तसंच लिलावघरही धरत नाही. अशा शमादानाच्या नोंदीत "भरलेले" एवढंच लिहितात आणि वजन गाळतात. फोटोतली वस्तू हातात जड लागेल, पण तिच्यातली चांदी थोडीच असते.

याचा अर्थ शेफील्डचं काम वाईट असा मुळीच नाही. 1770 आणि 80 च्या दशकांत ग्रीक-रोमन घाटाची फॅशन आली होती, आणि बारीक फुलमाळा, खांबांच्या खोबणी, मेंढ्यांची मुंडकी असलं नाजूक काम साच्यावर फार सुबक निघायचं. जॉन कार्टर नावाचा लंडनचा व्यापारी तर शेफील्डहून तयार शमादानं मागवून मूळ शिक्क्यावर स्वतःचा शिक्का ठोकायचा. खाली नीट पाहिलं तर कधी कधी दोन शिक्के एकावर एक दिसतात. ज्यांनी खरी मेहनत केली त्यांच्या नावावर असं दुसऱ्याचं नाव चढलेलं पाहून मला दर वेळी थोडा राग येतो. लिलावात मात्र ही गोष्ट वस्तूची गंमत वाढवते.

भरलेल्या शमादानाचा खरा शत्रू म्हणजे घासणं. पातळ पत्रा उंचवट्यांवर, म्हणजे बैठकीच्या कोपऱ्यांवर आणि नक्षीच्या टोकांवर, आधी झिजतो. मग टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि आतली काळी राळ डोकावते. दुरुस्ती करणाऱ्याने शिसं-कथिलाने ती बुजवली असेल तर तिथे राखाडी डाग राहतो. पुढे कोणी ते तापवलं तर शिसं चांदीलाच खातं. अशा वस्तूला गरम पाण्यात बुडवायचं तर नाहीच, राळ मऊ पडते आणि दांडा वाकतो.

पाच शिक्के, एक "r"

आता शिक्क्यांकडे. आपल्याकडे सोन्यावर बीआयएसचा त्रिकोण आणि सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी असतो, म्हणून कल्पना नवी नाही. इंग्लंडमधली मात्र फार जुनी आहे. 1300 मध्ये पहिल्या एडवर्डच्या काळात कायदा झाला की स्टर्लिंगहून कमी कसाची चांदी विकायची नाही, आणि खरी असेल त्यावर बिबट्याचा चेहरा ठोकायचा. 1363 पासून कारागिराला स्वतःचा शिक्का सक्तीचा झाला. 1478 पासून दर वर्षी बदलणारं एक अक्षर जोडलं गेलं. 1544 मध्ये, आठवा हेन्री नाण्यांतली चांदी कमी करत होता त्या दिवसांत, चालता सिंह आला. तो म्हणतो की ही चांदी स्टर्लिंग आहे.

म्हणजे नमुन्यातल्या 1752 च्या शमादानावर चार शिक्के असणार: मुकुट घातलेला बिबट्या, म्हणजे लंडनच्या कचेरीत तपासलेलं, चालता सिंह, म्हणजे कस बरोबर, जॉन केफची अक्षरं, आणि वर्षाचं अक्षर. चौकोनी ओतीव बैठकीच्या खालच्या बाजूला हे शिक्के बहुतेक चार कोपऱ्यांत एकेक असे विखुरलेले सापडतात. एका ओळीत बैठकीच्या कडेवर असतील तर ते बहुधा पत्र्याचं, भरलेलं काम.

लंडनच्या वर्षाक्षरांचं चक्र वीस अक्षरांचं असायचं. ए पासून यू पर्यंत, मधला जे वगळून. वीस वर्षं झाली की लिपी बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 1736 ला लहान रोमन "a" सुरू झाला, त्यामुळे 1752 ला "r" येतो. घोळ असा की 1776 ला पुन्हा लहान रोमन "a" सुरू झाला, आणि 1792 लाही "r" च आला. अक्षराभोवतीची ढाल जराशी वेगळी असते, पण झिजलेल्या शिक्क्यात ढाल कोण ओळखणार? इथे पाचवा शिक्का मदतीला येतो. 1784 च्या शेवटी सरकारने चांदीवर पुन्हा कर लावला आणि कर भरल्याची खूण म्हणून राजाचं मुंडकं ठोकायला सुरुवात केली. ती पद्धत 1890 पर्यंत चालली. तेव्हा "r" च्या शेजारी तिसरा जॉर्ज दिसला तर 1792, आणि नसेल तर 1752. चाळीस वर्षांचा फरक एका मिलिमीटरभर डोक्याने मिटतो. असल्या जागी भिंग बाळगण्याचे पैसे वसूल होतात.

आणखी एक बारकावा: लंडनचं वर्षाक्षर 1 जानेवारीला बदलत नसे. 1660 नंतर ते मे महिन्याच्या अखेरीस, दुसऱ्या चार्ल्सच्या वाढदिवसाला बदले. त्यामुळे 1752 चा "r" खरं तर मे 1752 ते मे 1753 असा आहे. कॅटलॉग पहिलं साल लिहून मोकळा होतो.

कोणाला कधी चालत्या सिंहाच्या जागी बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि बिबट्याच्या जागी फाटक्या मानेचं सिंहमुख दिसेल. घाबरू नका, उलट खूश व्हा. 1697 मध्ये नाणी आणि भांडी एकाच कसाची असल्याने लोक सर्रास नाणी कातरून, वितळवून भांडी करत होते. सरकारने भांड्यांची चांदी नाण्यांहून वरच्या कसाची, 95.84 टक्के, सक्तीची केली. 1720 मध्ये स्टर्लिंग परत आलं, पण सोबत औंसाला सहा पेन्स कर घेऊन. आपल्या 36 औंसांच्या जोडीवर तो कर 216 पेन्स, म्हणजे 18 शिलिंग झाला असता.

सहा पेन्सचा कर चुकवायला कारागिरांनी एक शक्कल काढली. एखादी छोटीशी वस्तू तपासायला पाठवायची, शिक्के मिळाले की तो तुकडा कापून मोठ्या कॉफीपॉटच्या बुडात झाळून टाकायचा. चांदी खरी, कारागीर खरा, फक्त कर बुडवलेला. हे थांबवायला 1758 मध्ये औंसावरचा कर काढून परवान्याची फी आणली. त्याच सुमारास खोटा शिक्का ठोकणाऱ्याला फाशीची तरतूदही झाली. 1773 ला ती चौदा वर्षांच्या हद्दपारीवर आली.

1773 चं साल शमादानांच्या बाबतीत दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचं. तोपर्यंत बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन याला आपलं काम शिक्क्यांसाठी दूर चेस्टरला पाठवावं लागे. लॉर्ड शेलबर्नसाठी घडवलेल्या शमादानांच्या दोन जोड्या चेस्टरला निष्काळजीपणे बांधल्यामुळे खराब होऊन परतल्या, आणि बोल्टनचा पारा चढला. त्याने संसदेत रेटा लावला, शेफील्डवालेही त्याच मागणीसाठी आले, लंडनच्या सोनारांनी जोरदार विरोध केला, आणि अखेर दोन्ही शहरांना आपापली कचेरी मिळाली. बर्मिंगहॅमचा शिक्का जहाजाचा नांगर, शेफील्डचा (1975 पर्यंत) मुकुट. ही चिन्हं लंडनच्या "क्राउन अँड अँकर" नावाच्या पबवरून आली असं सांगतात, म्हणजे समुद्रापासून इतक्या आत असलेल्या बर्मिंगहॅमच्या नशिबी नांगर का, याला उत्तर मिळतं. खरं असो वा नसो, लक्षात ठेवायला सोपं जातं.

नक्कल ओळखायची ती इथे

चांदीच्या बाजारातली सगळ्यांत कावेबाज नक्कल म्हणजे खऱ्या शमादानावरून साचा घेऊन ओतलेलं शमादान. साच्यात घाट उतरतो, नक्षी उतरते, आणि मूळ शिक्केही उतरतात. चांदी स्टर्लिंग वापरली तर कस तपासूनही पकडता येत नाही.

पण ओतलेला शिक्का आणि ठोकलेला शिक्का यांत फरक असतो. पोलादी ठशावर हातोडा पडला की चांदी दबते, कडा स्वच्छ आणि धारदार उठतात, तळ गुळगुळीत राहतो, आणि पत्रा पातळ असेल तर मागच्या बाजूला हलका फुगवटाही येतो. साच्यातून आलेल्या शिक्क्याच्या कडा बोथट असतात आणि खोलगट भागात वाळूचे बारीक खड्डे, कण राहतात. एकदा भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवून पाहा, पुन्हा चूक होणार नाही.

त्याहून पक्की खूण जोडीतच असते. 1752 च्या कचेरीत शिक्के हाताने ठोकले गेले. म्हणजे एका शमादानावर सिंह जरासा तिरका, दुसऱ्यावर सरळ. एकावर अक्षर कोपऱ्याच्या जवळ, दुसऱ्यावर दोन मिलिमीटर आत. खऱ्या जोडीत शिक्क्यांच्या जागा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दोन्ही शमादानं शेजारी उलटी ठेवून पाहिली आणि चारही शिक्के त्याच जागी, त्याच कोनात, बिबट्याच्या कानावर तोच ओरखडा असं दिसलं, तर दोन्ही एकाच साच्याची पोरं आहेत. किंवा एक खरं आणि दुसरं त्याची नक्कल. एकटं शमादान असेल त्या घरात जोडी करून विकायचा मोह कुणालाही होईल, आणि पूर्वी अनेकांना झाला आहे.

शैलीवर भरवसा ठेवून साल ठरवू नका, हेही इथेच सांगून टाकतो. अठराव्या शतकात घाट झपाट्याने बदलले: 1710 च्या सुमारास साधी अष्टकोनी शमादानं, 1740 नंतर शिंपले आणि वेलबुट्टी, 1760 च्या दशकात पायऱ्यांच्या चौकोनी बैठकीवर उभा कोरिंथियन खांब. पण व्हिक्टोरियाच्या काळात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच सगळे घाट पुन्हा मोठ्या प्रमाणात काढले गेले. त्यांच्यावर त्यांच्या काळाचे प्रामाणिक शिक्के असतात, फसवण्याचा हेतू नसतो. फसतो तो शिक्का न वाचता खांब पाहून बोली लावणारा.

बुडावरचं ओरखडलेलं गणित

ओतीव शमादानाच्या बुडावर शिक्क्यांखेरीज कधी कधी टोकदार सुईने ओरखडल्यासारखे आकडे असतात. उदाहरणार्थ "No 2" आणि पुढे "18=12". हे त्या वेळचं वजन: 18 औंस 12 पेनीवेट, आणि औंसात 20 पेनीवेट. घरातल्या चांदीची यादी ठेवताना हे आकडे उपयोगी पडत.

आज त्याच शमादानाला तोला. साडेसतरा औंस भरलं तर अडीचशे वर्षांच्या घासण्यात औंसभर गेला, ठीक आहे. पंधरा भरलं तर काहीतरी काढून टाकलं आहे किंवा सुटं नॉझल हरवलं आहे. एकोणीस भरलं तर? काहीतरी घातलं आहे. नवं नॉझल, नवी बैठक, आतून झाळलेली दुरुस्ती. वजन वाढलेलं पाहून खूश होणारा खरेदीदार असतो, पण तिथेच थांबून विचारायला पाहिजे.

"No 2" ही वेगळी गंमत. जोडीत 1 आणि 2 असेल तर छान. 3 आणि 7 असेल तर ती एका मोठ्या संचातून फुटलेली आहे. वाटण्या, विक्री, कर्ज, यांतल्या कशामुळे, कोण जाणे. वाईट काही नाही, पण ती मुळात जोडी म्हणून घडवलेली नव्हती.

नॉझल म्हणजे मेणबत्ती खोचायच्या भोकावर बसणारी सुटी, रुंद काठाची कड. वितळलेलं मेण त्यावर थांबतं, आणि ती काढून वेगळी धुता येते. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ती बहुतेक शमादानांवर दिसते. ती हरवते, मोलकरणींच्या हातून अदलाबदल होते, आणि कधी नंतरची बसवलेली असते. तिच्यावर निदान सिंह आणि कारागिराचा शिक्का असायला हवा, आणि तो खालच्या शिक्क्याशी जुळायला हवा. कॅटलॉग "नॉझल्स जुळत नाहीत" असं प्रामाणिकपणे लिहितो, पण ते वाचायला चष्मा लावावा लागतो.

मानचिन्ह म्हणजे घराण्याची खूण, बैठकीवर किंवा दांड्यावर कोरलेली. मूळ आणि ओळखता येणारी असेल तर वस्तूचा मालक शोधता येतो आणि किंमत वाढते. पुष्कळदा नव्या मालकाने जुनी खूण घासून काढलेली असते. तिथली चांदी पातळ होते. अंगठ्याने हलकेच दाबलं तर लवते, आणि वाफ सोडली तर पुसलेल्या खुणेची सावली दिसते. घासून त्याच जागी दुसरी खूण कोरली असेल तर पातळपणा जास्तच. आणि विसाव्या शतकाचा एक खास गुन्हा: शमादानांचे टेबल लॅम्प करणं. वायर घालण्यासाठी बैठकीला आणि दांड्याला भोक पाडायचं, पुढे फॅशन गेली की ते बुजवायचं. बुजवलेलं भोक दिसलं की सरळ पुढच्या लॉटकडे जावं, असं माझं मत.

जोडी, चौकडी आणि हातोड्यानंतरचा हिशोब

चांदीच्या बाजारात एकाची किंमत जोडीच्या निम्मी नसते, त्याहून बरीच कमी असते. आणि एकाच हाताच्या चार शमादानांचा संच दोन जोड्यांच्या बेरजेहून महाग जातो. जेवणाच्या टेबलावर चार हवीत म्हणून. "जुळवलेली जोडी" म्हणजे घाट एक पण साल किंवा कारागीर वेगळा. ती अर्थातच स्वस्त.

कारागिराचं नाव किती वजनदार? जॉन केफ आणि नंतर त्याचा भाऊ विल्यम हे शमादानांतच हातखंडा असलेले, त्यांचं काम बाजारात नियमित दिसतं. एबेनेझर कोकरचंही तसंच. हे चांगले, भरवशाचे कारागीर. लामेरीचं नाव असलं की आकड्याला शून्य जोडलं जातं, आणि म्हणूनच त्या नावापुढे दुप्पट संशय बाळगावा.

बोली जिंकल्यावर हातोडा जिथे पडला तो आकडा तुम्ही देणार नाही, त्याहून जास्त देणार. 1975 मध्ये लंडनच्या दोन मोठ्या लिलावघरांनी, क्रिस्टीज आणि सदबीजने, खरेदीदाराकडून वेगळी दलाली घ्यायला सुरुवात केली, तेव्हा दहा टक्के. आज ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, प्रत्येक घराची वेगळी. धरा हातोडा 2,000 पौंडांवर पडला. पंचवीस टक्के दलाली 500. त्या दलालीवर वीस टक्के व्हॅट म्हणजे 100. एकूण 2,600. ऑनलाइन संकेतस्थळावरून बोली लावली तर त्यांचं कमिशन वेगळं, पाठवणी आणि विमा वेगळा. बोली लावण्याआधी हा शेवटचा आकडा कागदावर लिहा आणि त्यावरून मागे येत किती बोलायचं ते ठरवा. उत्साहाच्या भरात हात वर करणाऱ्याला हे गणित घरी गेल्यावर सुचतं.

चांदीचा भावही डोळ्यासमोर ठेवा. 1980 च्या जानेवारीत तो औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला तेव्हा असंख्य साध्या जुन्या वस्तू वितळवल्या गेल्या. 2025 मध्ये तो विक्रम मोडला. असे भाव चढले की साधी, ओतीव, विशेष नावं नसलेली शमादानं मोडीच्या भावाजवळ येतात आणि वितळवणाऱ्यांच्या नजरेत भरतात. खरेदीदारासाठी ही वाईट वेळ नाही: खालची किंमत चांदीनेच धरून ठेवलेली असते. भरलेल्या शमादानांना हा आधार नाही.

लिलावघराला फोन किंवा ईमेल करून स्थितीचा अहवाल मागता येतो, तो फुकट असतो, आणि मागायला लाजायचं काहीच कारण नाही. विचारायचं ते एवढंच: दोन्हींच्या बुडांचे, शिक्के दिसतील असे फोटो, एकाच प्रकाशात, नॉझलवर शिक्के आहेत का, दुरुस्ती, भोक, पुसलेलं मानचिन्ह आहे का, ओरखडलेलं वजन आणि आजचं वजन. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर त्याहून सोपं. लिलावाच्या आधी दोन-तीन दिवस वस्तू पाहायला खुल्या असतात, प्रवेश फुकट, आणि कर्मचाऱ्याला सांगितलं की कपाट उघडून शमादान हातात देतात. संग्रहालयात काचेआड पाहून जे कळत नाही ते इथे पाच मिनिटांत कळतं. तेवढ्यासाठी खरेदीचा विचार नसला तरी जावं.

भारतात आणायचं असेल तर सीमाशुल्क किती पडेल हे बोली लावण्याआधीच कस्टम्स ब्रोकरला विचारा, नंतर नव्हे. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मुंबईतल्या जुन्या घरांत, विशेषतः पारशी कुटुंबांत, इंग्लिश चांदी आजही निघते. तीच विकायला लंडनला पाठवू म्हणाल तर तो रस्ता बंद आहे. इथून तिथे नाही, तिथून इथे आणलं तर परत नाही.

पहिल्यांदा घेणाऱ्याने जोडीच्या मागे लागू नये असं मला वाटतं. 1750 च्या आसपासचं एकटं, ओतीव, स्पष्ट शिक्क्यांचं शमादान घ्या. जोडी नाही म्हणून बाजार त्याच्याकडे पाठ फिरवतो, त्यामुळे किंमत चांदीच्या भावाच्या फार वर जात नाही. पण त्याच्यावर सांधे, शिक्के, ओरखडलेलं वजन, नॉझल हे सगळं असतं, आणि पुढच्या वेळी कॅटलॉगमध्ये जोडी दिसली की शेजारी ठेवून पाहायला खरं नमुन्याचं बूड हाताशी असतं.